हॉटेल, केटरर आणि शाळेचं स्वयंपाकघर : अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण कुणाला, कसं?

खानापूरची खानावळ असो, म्हापशाचं कॅन्टीन असो की इंदूरची पोह्याची गाडी, सगळ्यांना कायदा एकच : अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६. त्याखालचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून देशभर लागू आहेत. राज्याची हद्द ओलांडली की कार्यालयाची पाटी बदलते, साहेबांची भाषा बदलते. नियम बदलत नाहीत.

प्रशिक्षणाचंही तसंच. एफएसएसएआय या केंद्रीय प्राधिकरणाने २०१७ मध्ये ‘फॉस्टॅक’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात प्राथमिक, प्रगत आणि विशेष असे स्तर आहेत. प्राथमिक वर्ग साधारण चार तासांचा, केटरिंगचा प्रगत वर्ग आठ तासांचा. अन्न हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक हवा, असा दंडक आहे. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं आणि ते केंद्राच्या कार्यक्रमाचं असल्यामुळे बेळगावात घेतलेलं कोल्हापुरातही दाखवता येतं.

अडचण पुढे आहे. वर्गाला जातो कोण? बहुतेक वेळा मालकाचा मुलगा, नाहीतर गल्ल्यावरचा मॅनेजर. प्रमाणपत्र फ्रेम होऊन देवाच्या फोटोशेजारी लागतं आणि भटारखान्यात सगळं पूर्वीसारखंच चालू राहतं. पर्यवेक्षकाने शिकून येऊन बाकीच्यांना शिकवायचं, हीच तर या योजनेची कल्पना आहे. सीमाभागातल्या स्वयंपाकघरात आचारी कन्नड बोलणारा, भांडी घासणारी मावशी मराठी आणि वाढपी हिंदी बोलणारा असू शकतो. म्हणून नाव नोंदवण्याआधीच वर्ग कोणत्या भाषेत आहे ते विचारून घ्यावं, आणि शक्य असेल तर आचाऱ्यालाच पाठवावं. एक दिवस त्याची सुट्टी परवडते.

शिकवतात काय, हे भाताच्या उदाहरणावरून चांगलं कळतं. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू असू शकतात. त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. भात मोठ्या पातेल्यात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यातली एक जात असं विष तयार करते, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणजे सकाळी शिजवून दुपारभर झाकून ठेवलेल्या भाताला रात्री कितीही कडक फोडणी दिली तरी उपयोग नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. वाढायचं अन्न ६० च्या वर गरम ठेवायचं. उरलेलं पसरट ताटात पातळ थराने पसरून लवकर गार करायचं आणि ५ अंशांच्या खाली फ्रिजमध्ये ठेवायचं. मुहूर्त लांबला की पंगत लांबते, हे मंगल कार्यालयवाल्यांना सांगायला नको. त्यामुळे भाताचे घाणे थोडे थोडे करून लावलेले बरे. साधा थर्मामीटर ठेवला तर हात लावून अंदाज घ्यावा लागत नाही.

तळणीच्या तेलालाही मर्यादा आहे. वारंवार तापवून त्यातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. असं काळं तेल गाडीवाल्याला स्वस्तात विकणं हा सर्वांत वाईट मार्ग. ते गोळा करून बायोडिझेल बनवणाऱ्यांना देण्याची सोय प्राधिकरणाच्याच ‘रुको’ योजनेत आहे.

शाळांचा विषय जास्त नाजूक. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात माध्यान्ह भोजनातून मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक पोटात जाऊन २३ मुलं दगावली. त्यानंतर २०१५ मध्ये केंद्राने शाळांच्या स्वयंपाकघरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलांना वाढण्याआधी शिक्षकासह मोठ्या माणसांनी जेवण चाखायचं आणि नोंद ठेवायची. कीटकनाशकं, फिनेल धान्याजवळ ठेवायचं नाही आणि त्यांच्या रिकाम्या डब्यात तर काहीच भरायचं नाही. चाखणाऱ्यात पालकही असावेत, तेव्हा आपल्या मुलाच्या शाळेत ही वही आहे का, हे पालकांनी बिनधास्त विचारावं.

कर्नाटकात ‘बिसीऊट’ बहुतांश शाळेतच शिजतो. गोव्यात महिलांचे स्वयंसहायता गट बाहेर शिजवून शाळेत पोचवतात. तिथे वाटेतला वेळ आणि डब्याचं तापमान याकडे जास्त लक्ष हवं. २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी, १०० पर्यंत दोन, पुढे दर शंभराला एक, असं केंद्राचं प्रमाण आहे. मानधनाचा केंद्रीय दर २००९ पासून महिना १,००० रुपये. राज्यं त्यात आपली भर घालतात, तरी एवढी जोखीम ज्यांच्या हातात आहे त्यांना हा आकडा फारच तोकडा आहे. प्रशिक्षणाच्या दिवसाचं भाडं-जेवण तरी त्यांच्या पदरचं जाऊ नये.

अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस, हेही नियमात आहे. तपासणीत उणिवा निघाल्या तर अधिकारी सुधारणा नोटीस देऊ शकतात. तिची मुदत किमान १४ दिवसांची असते. अस्वच्छ जागी अन्न बनवल्यास दंड एक लाखापर्यंत जातो. वर्गांची माहिती फॉस्टॅकच्या संकेतस्थळावर आणि जिल्ह्याच्या अन्नसुरक्षा कार्यालयात मिळते. जाताना आपला १४ अंकी नोंदणी किंवा परवाना क्रमांक सोबत असू द्यावा.