टपालपेटीपासून ई-मेलपर्यंत

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरात काठी हे गाव आहे. तेथील राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. उंच बांबू उभारून ही होळी पहाटे पेटवतात. आता कल्पना करा, काठीच्या एका मुलाला आपण 'माझा आवडता सण' हा निबंध लिहायला सांगितला. तो वाचणार कोण? गुरुजी. त्यांनी तर होळी डोळ्यांनी पाहिलेली! मग मुलाने शब्द शोधायचे कशासाठी? पण रत्नागिरीच्या मुलीने विचारले, "बांबू कुठून आणता? पहाटेच का पेटवता?" तर त्याला उत्तर द्यावेच लागेल. भाषा शिकण्याचे मूळ या गरजेत आहे.

शिक्षकांना हे शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते. 1897 च्या सुमारास पॉल मियेय या फ्रेंच शिक्षकाने फ्रान्स आणि इंग्लंडमधील विद्यार्थ्यांचा पत्रव्यवहार सुरू करून दिला. लंडनच्या 'रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज' या मासिकाचे संपादक डब्ल्यू. टी. स्टेड यांनी त्याला हातभार लावला. पुढे 1920 च्या दशकात सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातील शिक्षकाने वर्गात छोटे छापयंत्र आणले. मुले आपले अनुभव लिहीत, स्वतः खिळे जुळवून छापत आणि दूरच्या ब्रिटनी प्रांतातील शाळेला पाठवत. तिकडूनही तसेच कागद येत. दोन्हीकडची भाषा फ्रेंचच होती. तरीही वाचणारा अनोळखी असल्याने लिहिणे खरे झाले.

टपालाची अडचण एकच, उत्तराला लागणारा वेळ. तोवर मुलांचा उत्साह मावळतो. 1971 मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठवले, आणि हा वेळ मिनिटांवर येण्याची वाट मोकळी झाली. 1985 मध्ये अमेरिकेत 'दे ओरिया आ ओरिया', म्हणजे 'या तीरावरून त्या तीरावर', हा उपक्रम फ्रेने यांच्याच विचारावर उभा राहिला. त्यात स्पॅनिश घरांतील मुलांचे वर्ग पोर्तो रिको बेटावरील वर्गांशी जोडले गेले. शाळेत मागे पडलेली घरची भाषा तेथे एकदम कामाची ठरली! 1988 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील व मॉस्कोमधील शाळा जोडल्या गेल्या. 1992 मध्ये सेंट ओलाफ महाविद्यालयाने जगभरच्या वर्गांना जोडीदार मिळवून देणारी सेवा काढली.

जर्मनीतील बोखुम विद्यापीठाने 1994 पासून 'टँडेम' पद्धत ई-मेलवर आणली. तिचा नियम सोपा आहे : अर्धे पत्र स्वतःच्या भाषेत, अर्धे जोडीदाराच्या. म्हणजे प्रत्येक जण एकाच वेळी शिक्षकही आणि विद्यार्थीही.

आपल्याकडे 1986 मध्ये 'अर्नेट' प्रकल्प सुरू झाला आणि ई-मेल प्रथम आम्हा संशोधकांच्या हाती आली. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी खुले झाले. पुढे 2019-20 मध्ये औरंगाबाद जिल्ह्यातील गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांनी जपानी भाषा निवडली. कारण विचारले तर यंत्रमानवांविषयीचे कुतूहल! इंटरनेटच्या मदतीने ती मुले जपानी बोलू लागली. खेड्यातील मुलाला परकी भाषा झेपत नाही, हा समज त्यांनी खोटा ठरवला.

मग काठीचे काय? तेथील अनेक मुलांची घरची बोली भिली वळणाची. त्यांच्यासाठी शाळेतील मराठी हीच दुसरी भाषा. म्हणून परदेशी शाळा शोधण्याआधी कोकणातील किंवा विदर्भातील एखादी शाळा जोडून पाहावी असे आम्हांला वाटते. टँडेमचा नियम येथेही लागू करावा. काठीच्या मुलाने चार ओळी मराठीत आणि दोन आपल्या बोलीत, देवनागरीत लिहाव्यात. समोरच्याने त्या बोलीतले शब्द शिकावेत. ज्याची बोली वर्गात चूक ठरते, तो मुलगा येथे जाणकार ठरतो.

ई-मेलला दोन्ही टोके एकाच वेळी जागी असण्याची गरज नसते. पत्र वाटेतल्या संगणकात थांबते आणि जोडणी मिळाली की पुढे जाते. शिक्षकाने वर्गाची पत्रे आधी लिहून घ्यावीत आणि रेंज मिळेल तेथून आठवड्यातून एकदा पाठवावीत. मात्र एक पथ्य पाळावे : पाठवण्यापूर्वी लाल शाईने सगळ्या चुका दुरुस्त करू नयेत. अर्थ कळला नाही तर पलीकडचा मुलगा विचारीलच. त्याच्या प्रश्नाइतका चांगला परीक्षक दुसरा नाही.