दोन वायरींची अदलाबदल

स्विच दाबल्यावर व्हॉल्व्ह तापायला साधारण वीस सेकंद लागतात. आधी फिलामेंट शेंदरी होतात, मग लाउडस्पीकरमधून बारीकशी गुणगुण येते. म्हणजे यायला हवी. मी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून एकविसाव्या सेकंदाला अशी किंचाळी फुटली की मी एक्स्टेन्शन बोर्डाचा स्विच पायानेच बंद केला. शेजारच्या फ्लॅटमधलं तान्हं बाळ उठून रडायला लागलं. इनपुटला काहीही जोडलेलं नव्हतं. गाणं नाही, माइक नाही, फोन नाही. डबा आपण होऊन ओरडत होता.

पाच महिने मी या डब्यावर शनिवार-रविवार घालवले होते. दिवसभर ऑफिसात मी जो कोड लिहितो तो नेमका कुठल्या मशीनवर चालतो हे मलाही माहीत नसतं. म्हणून हाताला चटका बसेल असं काहीतरी करायची हौस. सर्किट पन्नासच्या दशकातल्या घरगुती अ‍ॅम्प्लिफायरसारखं : दोन ईएल८४, त्यांच्या आधी ईसीसी८३. ईएल८४ बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, जुन्या साठ्यातले, काचेवरचा छाप अर्धा पुसलेला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र विकत मिळेना. तो पुण्यातल्या एका वाइंडिंगवाल्या काकांकडून गुंडाळून घेतला.

या ट्रान्सफॉर्मरचं काम सांगायला सोपं आहे. व्हॉल्व्हकडे भरपूर व्होल्ट असतात, पण करंट किरकोळ. स्पीकरला उलट हवं असतं : व्होल्ट थोडे, करंट भरपूर. मध्ये दुभाषा लागतो, तो हा. व्हॉल्व्हच्या बाजूला तीन वायरी : दोन टोकं दोन व्हॉल्व्हना आणि मधली ३०० व्होल्टच्या सप्लायला. स्पीकरच्या बाजूला दोन. अमेरिकन पद्धतीत टोकांच्या वायरी निळ्या आणि तपकिरी, मधली लाल. काकांनी पाचही वायरींवर एकाच पिवळ्या रंगाची स्लीव्ह चढवली होती. मीही विचारलं नाही. मीटर लावला की मधली वायर सापडते, कारण तिच्यापासून दोन्ही टोकांचा रोध जवळजवळ सारखा येतो. पण दोन टोकांपैकी कुठलं कुठलं, हे ओहममीटर सांगू शकत नाही. त्याच्या लेखी दोन्ही सारखीच.

किंचाळीनंतरचे तीन दिवस मी या दोन वायरी सोडून बाकी सगळ्यावर संशय घेतला. ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून सप्लाय तपासला. प्रत्येक वेळी आधी बंद करून, कपॅसिटर रिकामे करून, मगच आत हात. (३०० व्होल्टचा भरलेला कपॅसिटर प्लग काढल्यावरही माणूस मारू शकतो. डावा हात खिशात ठेवायची सवय मी याच दिवसांत लावून घेतली.) व्होल्टेज सगळीकडे बरोबर. सोल्डर ठीक. अर्थिंग ठीक. शेवटी वैतागून एकच रेझिस्टर एका बाजूने सोडवला, तो आउटपुटकडून पहिल्या व्हॉल्व्हकडे परत जाणारा. डबा एकदम गप्प. मग गाणं लावलं, तर ते वाजलंही. थोडं खरखरीत, पण वाजलं.

म्हणजे ओरडत होतं ते फीडबॅकचं सर्किट. आवाज स्वच्छ करायची जबाबदारी ज्याच्यावर होती, तेच.

ही कल्पना ज्याची, तो हॅरॉल्ड ब्लॅक तेव्हा २९ वर्षांचा होता, माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा. न्यूयॉर्कच्या वेस्ट स्ट्रीटवर बेल लॅबोरेटरीजमध्ये नोकरी, राहणं पलीकडे न्यू जर्सीत, रोज हडसन नदी ओलांडायची ती फेरीबोटीतून. त्याच्यापुढचा प्रश्न टेलिफोनचा होता. १९१५ मध्ये न्यूयॉर्क आणि सॅनफ्रान्सिस्को फोनने जोडली गेली, ती व्हॉल्व्हच्या जोरावर. हजारो किलोमीटरच्या तारेत आवाज विझत जातो, त्याला वाटेत ठिकठिकाणी पुन्हा फुलवावं लागतं. पण प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर आवाज वाढवताना थोडा बिघडवतोही. एकदा बिघडला तर कानाला कळत नाही. एकापाठोपाठ शंभर अ‍ॅम्प्लिफायर आले की कळतं. त्यात कंपनीला एकाच तारेवरून अनेक संभाषणं न्यायची होती, आणि अ‍ॅम्प्लिफायर वाकडा असेल तर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्यात मिसळतं.

सगळे जण व्हॉल्व्ह सुधारण्याच्या मागे होते. ब्लॅकने १९२३ मध्ये वेगळी वाट धरली : व्हॉल्व्ह वाकडा तर वाकडा, त्याने केलेली चूक मोजू आणि वजा करू. आउटपुट लहान करून इनपुटशी ताडायचं, फरक म्हणजे चूक, ती दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरने वाढवून आउटपुटमधून काढून टाकायची. ही युक्ती चालली. पण दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर काट्यावर जुळलेले हवेत. त्यानेच पुढे लिहिलं आहे की दर तासाला, दिवसरात्र, कुणीतरी फिलामेंटचा करंट जुळवत बसावं लागे. प्रॉडक्शनला गेलेली अशी एक तरी सिस्टिम प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याने पाहिलेली असते. डेमोत चालते, आणि मग कुणाची तरी रात्रपाळी लागते.

चार वर्षं तो अडकून होता. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी ऑफिसला जाताना, बोटीतच त्याला सुचलं. हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या एका जवळजवळ कोऱ्या पानावर त्याने आकृती काढली, समीकरणं लिहिली, आणि ऑफिसात पोचल्यावर एका सहकाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घेतली.

सुचलं ते असं : आउटपुटचा काही हिस्सा इनपुटमध्येच परत आणायचा, पण उलटा करून. आकड्यांत पाहू. समजा, अ‍ॅम्प्लिफायर हजारपट वाढवतो आणि आपण आउटपुटचा दहावा भाग उलटा करून परत देतो. हिशेब मांडला की एकूण वाढ उरते ९.९ पट. हजारातले नऊशे नव्वद आपण नदीत टाकले. आता व्हॉल्व्ह म्हातारा झाला आणि हजाराचा पाचशेवर आला. एकूण वाढ किती? ९.८. व्हॉल्व्ह निम्मा मेला आणि बाहेर पडलेला फरक एका टक्क्याचा. एकूण वाढ आता व्हॉल्व्ह ठरवत नाही, परत आणणारे दोन रेझिस्टर ठरवतात, आणि रेझिस्टर सरळमार्गी असतात. त्याच वर्षी २९ डिसेंबरला प्रयोगशाळेत त्याला विकृती एक लाख पटीने कमी झालेली दिसली.

यावर लोकांचा विश्वास बसेना, आणि मला त्यात त्यांचा मूर्खपणा दिसत नाही. त्या काळात फीडबॅक म्हटलं की त्याच्या बरोबर उलटी गोष्ट डोळ्यांसमोर यायची. एडविन आर्मस्ट्राँगने १९१२ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी असताना, आउटपुट सुलटं परत देऊन एका व्हॉल्व्हमधून प्रचंड वाढ काढली होती. रेडिओवाले त्यावर फिदा होते. पण किंचित जास्त दिलं की सेट शिट्टी मारायचा. गणपतीच्या मंडपात माइक स्पीकरसमोर गेला की जे होतं, तेच. माइकमधला आवाज स्पीकरमधून निघतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो, आणखी मोठा होऊन निघतो. टेलिफोनच्या इंजिनियरांनी अशा शिट्ट्यांशी दहा-बारा वर्षं झगडा केला होता. आणि हा पोरगा म्हणत होता की आउटपुट मुद्दाम इनपुटला जोडा, भरपूर जोडा, आणि कष्टाने मिळवलेली वाढ फेकून द्या. ब्रिटिश पेटंट ऑफिसने आपल्या अर्जाला अखंड चालणाऱ्या यंत्रासारखं वागवलं, असं ब्लॅकने नोंदवून ठेवलंय. अमेरिकन पेटंट त्याला १९३७ मध्ये मिळालं, अर्ज केल्यावर नऊ वर्षांनी.

सगळी मदार ‘उलटा करून’ या दोन शब्दांवर आहे. कागदावर ते वजाचं एक चिन्ह असतं. माझ्या डब्यात ते चिन्ह म्हणजे दोन पिवळ्या वायरी होत्या. त्या अशा लागल्या तर ऋण, तशा लागल्या तर धन. पन्नास टक्के शक्यता होती, आणि मी हरलो होतो.

खात्री करायची सोपी रीत आहे. फीडबॅकचा रेझिस्टर काढून त्या जागी खूप मोठ्या किमतीचा लावायचा, म्हणजे परत येणारा हिस्सा नगण्य होतो आणि डबा ओरडत नाही. मग बारीक आवाजात गाणं लावून तो रेझिस्टर जोडायचा-सोडायचा. जोडल्यावर आवाज कमी झाला तर वायरी बरोबर, वाढला तर उलट. माझा वाढला. बंद केलं, कपॅसिटर रिकामे केले, दोन व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या वायरींची अदलाबदल केली, मूळ रेझिस्टर परत लावला. वीस सेकंद. एकवीस. बावीस. शांतता. इतकी की स्पीकरला कान लावला तरी गुणगुण ऐकू येईना.

त्या रात्री दोनपर्यंत किशोरीताई ऐकल्या. इथे लेख संपवता आला असता.

दुसऱ्या रात्री लाइट घालवून ऐकत बसलो होतो म्हणून दिसलं : एका ईएल८४ च्या आतल्या धातूच्या पत्र्यावर मंद लाल डाग. फिलामेंटचा शेंदरी रंग हवाच, पण बाहेरचा पत्रा लाल होणं म्हणजे व्हॉल्व्ह झेपेल त्यापेक्षा जास्त शक्ती जाळतोय. गाणं तर चांगलं वाजत होतं. कॉलेजच्या मित्राकडून ऑसिलोस्कोप आणला आणि आउटपुटला लावला. पडद्यावर ८० किलोहर्ट्झची ठसठशीत लाट, गाणं बंद असतानाही. डबा अजून ओरडतच होता. फक्त आता वटवाघळाच्या टप्प्यात.

वायरी तर बरोबर होत्या. मग?

झोपाळा आठवा. समोरून येणाऱ्या झोपाळ्याला अडवणारा धक्का दिला तर तो थांबतो. पण तुमचा हात अर्ध्या झोक्याने उशिरा पोचला, तर अडवायला दिलेला तोच धक्का त्याला आणखी उंच नेतो. हातातला जोर तोच, दिशाही तीच, चुकली ती वेळ. अ‍ॅम्प्लिफायरमधला प्रत्येक टप्पा सिग्नलला थोडा उशीर करतो. गाण्याच्या पट्टीत तो जाणवत नाही. कंपनं जलद होत गेली की तेवढाच उशीर अर्ध्या झोक्याएवढा होतो आणि ऋणाचं धन होतं. सगळ्यात मोठा कामचुकार म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कारण त्याच्या दोन गुंडाळ्यांमध्ये थोडं चुंबकत्व गळतं. माझ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आधी सगळी प्रायमरी गुंडाळलेली, तिच्यावर सगळी सेकंडरी. गळती भरपूर.

ब्लॅकच्या समीकरणाने हा प्रश्न मिटत नाही. तो मिटवला बेलमधल्याच हॅरी नायक्विस्टने, मूळचा स्वीडनचा. १९३२ च्या निबंधात त्याने दाखवलं की लूप एका जागी तोडून, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला सिग्नल किती मोठा आणि किती उशिरा परत येतो ते मोजून एक वक्र काढा. तो वक्र एका ठराविक बिंदूला वेढा घालतो की नाही, एवढं पाहा. वेढा असेल तर किंचाळी. बरोबर सुलटा होऊन, एकपटीहून मोठा परत आलेला सिग्नल शिट्टी मारणारच अशी जी समजूत होती, तीही त्याने मोडली : काही वेळा मारत नाही, वक्र पूर्ण काढल्याशिवाय कळत नाही.

नायक्विस्ट प्लॉट मी इंजिनियरिंगला काढलेत. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात तो हमखास यायचा. मायनस वनभोवतीचे वेढे मोजायचे, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या. वेढा पडला तर ‘अनस्टेबल’ लिहायचं, हे पाठ होतं. अनस्टेबल म्हणजे काळोखात लाल होत जाणारा एक पत्रा, हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी परीक्षेच्या आदल्या रात्री ऐकलं असतं का, कोण जाणे.

घरगुती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्सफॉर्मरला लूपच्या आत घेऊन ही लढाई जिंकली ती डी. टी. एन. विल्यमसन या स्कॉटिश तरुणाने. एप्रिल-मे १९४७ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये त्याचं डिझाइन आलं तेव्हा त्याने पंचविशीही गाठली नव्हती. १५ वॅट, २० डेसिबल फीडबॅक, म्हणजे वाढ दहा पटीने खाली. त्या लेखात मला सर्वांत आवडलेला भाग ट्रान्सफॉर्मरचा आहे. दोन कॉइल, प्रत्येकीत प्रायमरीचे पाच भाग, दर भागात ४४० वेढे, आणि त्यांच्या फटींत सेकंडरीचे चार भाग, सँडविचसारखे. एवढा खटाटोप फक्त गळती कमी व्हावी म्हणून. तो उशीर सर्किटमध्ये लपवत बसला नाही. तांब्यातच मिटवला.

मी तूर्त पळवाट काढली. फीडबॅक २० डेसिबलवरून १२ वर आणला आणि त्या रेझिस्टरला समांतर एक चिमुकला कपॅसिटर टाकला, त्याने उशीर थोडा भरून निघतो. लाट गेली, पत्रा काळा राहिला. आवाजात पहिल्या रात्रीची शांतता राहिली नाही, थोडी गुणगुण परत आली.

गेल्या शनिवारी विल्यमसनच्या धर्तीवर थरांची आकृती काढून काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती बराच वेळ पाहिली.

“पाच थर, मधे चार. हे कुणी सांगितलं तुला?”

“एका स्कॉटिश माणसानं. १९४७ साली.”

“मग त्यालाच सांगायचं ना गुंडाळायला.” त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “मजुरी तिप्पट पडेल. आणि दिवाळीनंतर.”

मी ॲडव्हान्स दिला. आणि या वेळी वायरी वेगवेगळ्या रंगांच्या हव्यात, असंही सांगितलं : टोकांना निळी आणि तपकिरी, मध्ये लाल.

“निळी संपलीय,” काका म्हणाले.