परमचा कळफलक कुठे होता?

देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. वारा कधी फिरेल, हा प्रश्न तिथल्या रापणकरांच्या पोटाशी बांधलेला. १९८०च्या दशकात याच प्रश्नासाठी, म्हणजे हवामानाच्या अंदाजासाठी, अमेरिकेने भारताला क्रे एक्स-एमपी महासंगणक दिला. तोही कडक अटी घालून. त्या अनुभवातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. विजय भटकर तिचे प्रमुख. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला.

कथा इथवर बहुतेकांना ठाऊक असते. अभिमानाच्या भरात एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते: परमचे प्रोसेसर भारतीय नव्हते. ते ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. मग पुण्याचे कर्तृत्व कोणते? पुष्कळसे सॉफ्टवेअरमध्ये.

या प्रोसेसरांना ना स्वतःचा कळफलक, ना पडदा. प्रोग्रॅम लिहायचा तो यजमान संगणकावर, म्हणजे पीसीवर किंवा सन वर्कस्टेशनवर. तिथला कंपायलर चालायचा यजमानावर, पण आज्ञा घडवायचा ट्रान्सप्यूटरच्या भाषेत. यजमानाला त्या स्वतः पाळता येत नसत. न वाचता येणारा खलिता पोचवणाऱ्या जासुदासारखी त्याची गत.

पोचवण्याची रीत मोठी सुंदर होती. प्रत्येक ट्रान्सप्यूटरला चार लिंक असत. सुरू होताच तो त्यांच्याकडे कान लावून बसे. पहिला बाइट ० किंवा १ असेल, तर ती स्मृतीत लिहिण्या-वाचण्याची आज्ञा. त्याहून मोठा असेल, तर पाठोपाठ तितके बाइट येणार. ते स्मृतीत उतरवून तो चालवू लागे. मग तोच प्रोग्रॅम पुढचा मजकूर शेजाऱ्याकडे सरकवू शके. अशा साखळीने कितीही प्रोसेसर जागे करता येत.

कसोटी त्यानंतर. पहिला प्रोसेसर दुसऱ्याच्या निरोपासाठी थांबतो, दुसरा पहिल्याच्या. सारे यंत्र निमूट थबकते आणि यजमानाच्या पडद्यावर काहीच उमटत नाही. चूक एका यंत्रात, शोधणारा दुसऱ्यावर! ही दरी सांधण्यासाठी सी-डॅकने ‘पारस’ हे प्रोग्रॅमिंगचे वातावरण रचले. त्यात कंपायलर होते, डीबगरही होता. पारस म्हणजे आपला परीस.

तोवर इनमॉस १९८९ मध्येच विकली गेली होती आणि ट्रान्सप्यूटर मागे पडू लागला. १९९४ चा ‘परम ९०००’ म्हणूनच निरनिराळे प्रोसेसर बसवता येतील असा घडवला गेला.