सकाळी मूठ वळत नाही? 'वय झालं' म्हणून सोडू नका. आमवाताची लक्षणं, तपासण्या आणि उपचार

सकाळी उठलं की बोटं आखडलेली असतात. पीठ मळता येत नाही, धार काढताना मूठ आवळत नाही, खुरपं हातातून सुटतं. तासाभरानं हात जरा मोकळा होतो. 'कामाचा ताण असेल' म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली जाते आणि महिने निघून जातात. सांध्यांवर सूज असेल आणि हा त्रास सहा आठवड्यांहून जास्त टिकला असेल, तर तो आमवात म्हणजेच रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असू शकतो.

झीज वेगळी, आमवात वेगळा

उतारवयात गुडघे दुखतात ती बहुतेक वेळा सांध्यांची झीज असते. चाललं की दुखतं, बसलं की आराम पडतो. आमवातात उलट होतं. रात्रभर झोपल्यावर सांधे जास्त आखडतात आणि हालचालीनं सुटे होतात. जंतूंशी लढणारी शरीराची प्रतिकारशक्ती इथे आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, मग कूर्चा आणि हाड खराब होतं. एकदा वाकडी झालेली बोटं गोळ्यांनी सरळ होत नाहीत. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांतच उपचार सुरू होणं महत्त्वाचं.

कोणाला होतो?

हा म्हातारपणाचाच आजार नाही. बऱ्याच जणांना तो 30 ते 50 या वयात सुरू होतो. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दोन ते तीन पट जास्त आढळतो. घरात कोणाला असेल तर शक्यता थोडी वाढते. बिडी-सिगारेटमुळेही धोका वाढतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण गावात 1996 साली सांधेदुखीची घरोघर पाहणी सुरू झाली. त्यात दर 200 प्रौढांमागे साधारण एकाला आमवात आढळला. या हिशेबानं तीन हजार प्रौढ असलेल्या गावात पंधराएक रुग्ण निघतील.

ही लक्षणं ओळखा

• सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ सांधे आखडलेले राहणं
• बोटांचे मधले व मुळाचे सांधे, मनगटं, पायाची बोटं सुजणं
• दोन्ही हातांना किंवा दोन्ही पायांना सारखाच त्रास
• थकवा, बारीक ताप, भूक कमी होणं

चिकुनगुनियानंतरही काही महिने असेच सांधे दुखू शकतात. म्हणून आधी ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगा.

तपासण्या

ईएसआर आणि सीआरपी या रक्त तपासण्यांतून सूज किती आहे ते कळतं. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या तपासण्या निदानाला मदत करतात. मात्र आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आमवात नाहीच, असं नसतं. सांधे हातानं तपासून, सगळं मिळून डॉक्टर ठरवतात.

उपचार

दुखण्याची गोळी दुखणं दाबते, आजार थांबवत नाही. आजाराला लगाम घालणारं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. जुनं आहे आणि तुलनेनं स्वस्तही. कॅन्सरमध्येही ते वापरतात हे वाचून अनेक जण घाबरतात, पण आमवातात त्याचा डोस खूपच कमी असतो.

सर्वात महत्त्वाचं: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. चुकून रोज घेतलं तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी घटतात आणि जीवावरही बेतू शकतं. वार ठरवून घ्या आणि पाकिटावर मराठीत लिहून ठेवा. सोबत फॉलिक अॅसिडची गोळी देतात. डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त व लिव्हरची तपासणी करायची. दारू टाळायची. गरोदरपणात हे औषध चालत नाही. मूल हवं असेल तर काही महिने आधीच डॉक्टरांशी बोला.

याशिवाय हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, सल्फासलाझिन, लेफ्लुनोमाइड ही औषधं आहेत. एवढ्यानं भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं देतात. ती महाग असतात आणि आधी टीबीची तपासणी करावी लागते. औषधांचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करू नका, आजार परत उसळतो.

बिननावाच्या पुड्यांपासून सावध

'दोन दिवसांत गुण' म्हणून बाजारात मिळणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. गुण लगेच येतो, पण पुढे चेहरा सुजतो, साखर व बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवा.

कुठे जायचं?

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. तिथून जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या मेडिसीन विभागात चिठ्ठी मिळू शकते. जमल्यास संधिवाततज्ज्ञांना भेटा. जाताना जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. सकाळी सांधे सुजलेले दिसले की मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दुपारी दवाखान्यात पोचेपर्यंत सूज उतरलेली असू शकते, तेव्हा हा फोटो डॉक्टरांना उपयोगी पडतो.