टपालाचे विमान आणि मावळचा पाऊस

हिंदुस्थान सरकारच्या नागरी विमानवाहतूक खात्याच्या १९३३-३४ सालच्या अहवालात टाटांच्या हवाई टपालाविषयी मोठे गौरवाचे शब्द आहेत. पहिल्या वर्षात वक्तशीरपणा शंभर टक्के. आणि ज्या महिन्यांत वादळी पावसामुळे पश्चिम घाटावरील टप्पा अधिकच धोक्याचा होई, त्या महिन्यांतही मद्रासचे वा मुंबईचे टपाल कराचीच्या विमानास एकदाही चुकले नाही, असा त्याचा आशय आहे. सरकारी कागद स्तुतीच्या बाबतीत सहसा कृपण असतात. तेव्हा ही स्तुती खरी कमाईची होती, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु त्या कागदात घाट येतो तो केवळ एक संकट म्हणून. त्या संकटाच्या माथ्यावर गावे वसली होती, आषाढात इरली पांघरून बायका भाताची आवणी करीत होत्या, याचा तेथे मागमूसही नाही. वैमानिक ज्याला धोका म्हणत, ते मावळच्या लोकांचे घर होते.

टपालाची हकीकत प्रसिद्धच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. टाटा एक लहानसे पस मॉथ विमान घेऊन कराचीहून निघाले. वाटेत अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले, ते भरून घेऊन दुपारी ते जुहूस उतरले. तेथून पुढे नेव्हिल विन्सेंट यांनी टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले. विमानास इंजिन एकच, वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास, आणि बिनतारी यंत्र मुळीच नाही. अशा वैमानिकास खाली दिसणारा लोहमार्ग, नदी, तळे किंवा डोंगराचा ओळखीचा माथा हेच वाटाडे.

नकाशावर जुहूपासून बल्लारीपर्यंत सरळ रेघ ओढून पाहावी. ती लोणावळ्याच्या थोडी दक्षिणेस, मुळशीच्या आसपास सह्याद्री ओलांडते. तिच्या उत्तरेस लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना हे किल्ले ३,४०० ते ३,५५० फूट उंचीवर उभे आहेत. निरभ्र दिवशी ते उत्तम खुणेचे. श्रावणात मात्र त्यांच्यावर ढग बसतात, आणि खुणेचा दगड तोच आपटण्याचा दगड होतो.

पावसाने टाटांना आणखी एका रीतीने घाटावर आणले. जुहूचे विमानतळ म्हणजे समुद्रकाठची चिखलाची सपाटी. पावसाळ्यात भरतीचे पाणी तिच्यावर चढे. म्हणून मृगाचा पाऊस लागला की दोन विमाने, तीन वैमानिक व तीन कारागीर असा सारा संसार पुण्यास हलविला जाई, आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानातून टपाल चाले. पुणेच का, याचे उत्तर मावळच देते. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या कड्यावर आदळून लोणावळ्यास वर्षाकाठी दीडशे इंचांहून अधिक पाऊस ओततात. पूर्वेकडे सरकता सरकता ते रिकामे होत जातात आणि पुण्यास जेमतेम २८ ते ३० इंच उरतो. अवघ्या चाळीस मैलांत हा फरक. मावळ भिजते म्हणून पुणे कोरडे राहते.

हाच पाऊस टाटांच्या घराण्यास आधीपासून परिचयाचा होता. लोणावळ्याचे पाणी अडवून ते घाटाखाली खोपोलीस सोडावे व त्या धारेवर मुंबईच्या गिरण्या चालवाव्या, ही कल्पना जमशेटजींच्या मनात होती. ते १९०४ साली वारले. पुढे १९११ मध्ये वळवणच्या धरणाची कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये वीज मुंबईस पोहोचली. लोणावळा, वळवण, शिरवता, मागाहून अंदर मावळात ठोकरवाडी, अशी तळी झाली. ज्या सर दोराबजींनी हे काम तडीस नेले, त्यांनीच विमान टपालास भांडवल देण्याचे कबूल केले. मात्र ते जून १९३२ मध्ये निवर्तले, आणि पहिले उड्डाण त्यांना पाहावयास मिळाले नाही.

तळ्यांच्या तळाशी काय गेले, हा प्रश्न मुळशीस उघडपणे विचारला गेला. मुळा व नीला या नद्यांच्या संगमावर धरण होणार म्हणून पन्नासांवर गावांची भातखाचरे बुडणार होती. भूसंपादन पुरे होण्याआधीच खोदाई सुरू झाली, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळे कामावर जाऊन बसले व काम थांबले. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांची नावे या लढ्याशी कायमची जोडली गेली. परंतु येथेही कागदाने दगा दिला. पुष्कळ जमिनी सावकारांच्या नावे चढलेल्या होत्या. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या खाचर राखले तो कूळ, आणि ज्याचे नाव दप्तरी तो पुण्यास. भरपाई घ्यावी की जमीन राखावी, या प्रश्नावर दोघांचे हित एक कसे असणार? लढा १९२४ अखेर मोडला. बापट सात वर्षांची शिक्षा भोगून १९३१ मध्ये सुटले. तोवर धरण भरले होते. १९२७ पासून भिऱ्याचे वीजगृह चालू होते. १९३२ च्या ऑक्टोबरापासून त्या सरळ रेघेच्या आसपास जे पाणी चकाकत होते, ते हेच.

'विमान' हा शब्द मात्र या खोऱ्यास नवा नव्हता. इंद्रायणी लोणावळ्याजवळच कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते आणि खाली देहूस जाते. फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकोबा विमानात बसून वैकुंठास गेले, ही कथा तिच्या काठच्या प्रत्येक घरात शतकानुशतके सांगितली जात आली आहे. मुंबईच्या वर्तमानपत्रांनी एअरोप्लेनला काय म्हणावे याचा खल केला असेल. मावळच्या म्हातारीला तो करण्याचे कारण नव्हते. वरून निघून जाणारे आणि खालच्यास मागे ठेवणारे ते विमान, एवढे तिला पक्के ठाऊक होते.

कंपनीच्या खात्यातून पहिल्या पुऱ्या वर्षाचा, १९३३ चा हिशेब मिळतो: १,६०,००० मैल प्रवास, १५५ उतारू, सुमारे साठ हजार रुपये नफा. जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरात घाट, बाजार, पिके यांची बारीक माहिती आहे. पण खोऱ्यातले लोक स्वतःविषयी काय म्हणत, हे यांपैकी कोठेच नाही. ते जात्यावर होते. १९८० नंतर गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशी, मावळ व आसपासच्या खेड्यांतून दळताना म्हटल्या जाणाऱ्या ओव्या गोळा करण्यास प्रारंभ केला. पुढे महाराष्ट्रभर हिंडून हा संग्रह एक लाखावर गेला. त्यात माहेर, सासर, पाऊस, पंढरी, भाऊ, भूक असे सारे आहे. आणि बहुतेक ओव्यांबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचे नाव व तिच्या गावाचे नाव लिहून ठेवलेले आहे.