पॅराशूट उघडलंच नाही तर? स्कायडायव्हिंगमधल्या राखीव पॅराशूटचा हिशेब

स्कायडायव्हिंगचं नाव काढलं की घरात पहिला प्रश्न एकच येतो: पॅराशूट उघडलंच नाही तर? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं. मुख्य पॅराशूट नीट न उघडण्याचा आणि राखीव पॅराशूट वापरावं लागण्याचा प्रसंग साधारण हजार उड्यांमागे एकदा येतो, असा या खेळातला सर्वमान्य ठोकताळा आहे. मृत्यूचं प्रमाण मात्र काही लाख उड्यांमागे एक इतकं कमी आहे. या दोन आकड्यांमधलं अंतर मुख्यतः पाठीवरच्या दुसऱ्या पॅराशूटमुळे पडतं.

आकडे काय सांगतात?

सर्वाधिक व्यवस्थित नोंदी अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनकडे आहेत. तिच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये तिथे सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि १० जणांचा मृत्यू झाला. म्हणजे साधारण ३ लाख ६५ हजार उड्यांमागे एक. हजारात एक हा ठोकताळा याच आकड्याला लावला, तर वर्षभरात सुमारे साडेतीन हजार वेळा राखीव पॅराशूट वापरलं गेलं असा अंदाज निघतो. त्यापुढे १० मृत्यू, तेही सगळ्या कारणांचे मिळून. पॅराशूट व्यवस्थित उघडल्यावर उतरताना झालेल्या चुकाही त्यात धरलेल्या असतात, आणि त्यांचा वाटा मोठा असतो.

ज्याला हा खेळ कायमचा करायचा आहे त्याने हिशेब वेगळा मांडावा. हजारात एक धरलं तर १०० उड्या मारणाऱ्यावर निदान एकदा ही वेळ येण्याची शक्यता ९ ते १० टक्के, आणि १००० उड्या मारणाऱ्यावर सुमारे ६३ टक्के. त्यामुळे जुने स्कायडायव्हर ‘वेळ आलीच तर’ असं म्हणत नाहीत, ‘येईल तेव्हा’ असं धरूनच सराव करतात.

बिघाड म्हणजे नेमकं काय?

‘पॅराशूट उघडलंच नाही’ हा प्रकार तुलनेने कमी. बहुतेक वेळा छत्री बाहेर येते, पण नीट फुलत नाही. दोऱ्यांना पीळ पडतो, एखादी दोरी छत्रीच्या वरून जाते, दोऱ्यांत गाठ बसते, किंवा छत्री हळूहळू उघडावी म्हणून दोऱ्यांवर बसवलेलं चौकोनी कापड, म्हणजे स्लायडर, वरच अडकून राहतं. कधी छत्री आपल्या पिशवीतून सुटतच नाही.

कारणं बहुतेक साधीच असतात: घडी घालताना झालेली हयगय, उघडताना शरीर तिरपं असणं, झिजलेल्या दोऱ्या. लहान आणि वेगवान छत्री वापरणाऱ्यांना धोका जास्त, कारण पीळ पडला की ती गरगर फिरत खाली येते आणि विचार करायला वेळ उरत नाही.

प्रत्येक बिघाडात राखीव पॅराशूट लागतंच असं नाही. साधा पीळ पाय मारून सोडवता येतो. दिशा देता येते का आणि उतरताना वेग कमी करता येतो का, हे तपासायचं. दोन्ही जमत नसेल तर ती छत्री सोडून द्यायची.

सेकंदांचा खेळ

मोकळ्या उडीत माणूस ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने खाली येतो. म्हणजे १००० फूट जायला जेमतेम सहा सेकंद. म्हणून निर्णयाची उंची आधीच ठरलेली असते. अमेरिकेतल्या नियमावलीत शिकाऊंसाठी ती २५०० फूट आहे, तर अनुभवींसाठी १८०० फूट. त्याच्या आत निर्णय घ्यायचा, आणि फारच खाली आल्यावर मुख्य छत्री सोडायच्या भानगडीत पडायचं नाही.

कृती दोन टप्प्यांची. उजवीकडचं हँडल ओढलं की बिघडलेली मुख्य छत्री सुटते, डावीकडचं ओढलं की राखीव उघडतं. मुख्य छत्री एका झटक्यात सोडणारी तीन कड्यांची रचना अमेरिकेच्या बिल बूथ यांनी १९७०च्या दशकात आणली. १९९१ मध्ये जर्मनीतून सायप्रेस नावाचं स्वयंचलित यंत्र बाजारात आलं. माणूस बेशुद्ध पडला किंवा उंचीचं भान सुटलं, तर सुमारे ७५० फुटांवर हे यंत्र राखीव पॅराशूट स्वतःच उघडतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत या खेळात वर्षाला सरासरी ४० हून जास्त माणसं दगावायची. आता हा आकडा बराच खाली आला, त्यात चांगल्या प्रशिक्षणाइतकाच या साधनांचाही हात आहे.

राखीव पॅराशूटवर भरवसा का?

मुख्य पॅराशूटची घडी स्कायडायव्हर बहुतेक वेळा स्वतःच घालतो, तीही घाईत, दिवसातून पाच-सहा वेळा. राखीवचं तसं नाही. अमेरिकेत त्याची घडी परवानाधारक रिगरनेच घालायची, दर १८० दिवसांत ते उघडून तपासायचं, पुन्हा बांधायचं, सील लावायचं आणि कार्डावर तारीख टाकायची, असा कायदा आहे. छत्रीही वेगासाठी नाही, तर लवकर आणि सरळ उघडावी म्हणून बनवलेली असते.

तरीही तिचा विमा समजून बेफिकीर राहता येत नाही. हँडल उशिरा ओढलं तर चांगलं पॅराशूटही निरुपयोगी. पीळ सोडवत बसण्यात उंची निघून जाणं, हे जीव जाण्याचं जुनं आणि ओळखीचं कारण आहे.

सैन्याची उडी वेगळी

बेळगाव आणि सीमाभागात सैन्यातली माणसं घरोघरी आहेत, त्यामुळे हा फरक सांगायला हवा. मराठा लाइट इन्फंट्रीतून घडलेल्या २ पॅरा (मराठा) बटालियनने ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलला उडी घेतली. तशा सैनिकी उडीत विमानाला जोडलेली दोरी पॅराशूट आपोआप उघडते, उंची कमी असते, छत्री गोल असते. वरचे आकडे त्या उडीला लागू होत नाहीत.

हौसेने जाणाऱ्यांसाठी

पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांच्यामुळे हा खेळ मराठी घरांत ओळखीचा झाला. आपल्याकडचे बहुतेक हौशी मात्र टँडम उडी मारतात, म्हणजे प्रशिक्षकाच्या पुढ्यात बांधून. त्यातही मुख्य आणि राखीव अशी दोन पॅराशूट असतात, पण ती दोघांत मिळून. हँडल ओढण्याची जबाबदारी प्रशिक्षकाची. अमेरिकेत टँडम प्रशिक्षकाला किमान तीन वर्षांचा अनुभव आणि ५०० उड्या लागतात, शिवाय राखीववर स्वयंचलित यंत्र सक्तीचं आहे. भारतात केंद्र सरकारने २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आणलं, त्यात स्कायडायव्हिंगचा समावेश आहे.

पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. राखीव पॅराशूटची शेवटची तपासणी कधी झाली? कार्ड दाखवता का? स्वयंचलित यंत्र बसवलंय आणि चालू आहे का? प्रशिक्षकाच्या किती उड्या झाल्यात? वारा वाढला तर उडी रद्द करून पैसे परत देता का? चांगली संस्था याची उत्तरं लगेच देते. कोणी टाळाटाळ केली, तर उडी तिथे न मारलेलीच बरी.