कार्बन फायबर रॅपिंग: जुन्या काँक्रीटला कधी उपयोगी, कधी नाही?

आमच्या सरावली-बोईसर पट्ट्यात जुन्या इमारतींना दोन त्रास आहेत: समुद्राकडची खारी हवा, आणि नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात सुरू झालेली भूकंपाच्या धक्क्यांची मालिका. अशा इमारतींसाठी ‘कार्बन फायबर रॅपिंग’ सुचवलं जातं. मी सॉफ्टवेअरवाला, सिव्हिलचा नाही. पण कोटेशनवर सही करण्याआधी एवढं तरी माहीत हवंच.

हे काम कसं करतं?
काँक्रीट दाब सोसतं, ताण नाही. म्हणून आत सळई घालतात. कार्बन किंवा काचेच्या तंतूंचं कापड इपॉक्सीने बाहेरून चिकटवलं की ते जादा सळईसारखं काम करतं. यालाच एफआरपी म्हणतात. नेहमीची ५०० ग्रेडची सळई ५०० मेगापास्कलच्या आसपास कायमची ताणली जाते. कार्बनचा तंतू साधारण ३,५०० पर्यंत टिकतो, आणि वजनाला लोखंडाच्या पाव भागाहून कमी.

स्वित्झर्लंडमध्ये ल्यूसर्नजवळचा इबाख पूल १९९१ मध्ये असाच दुरुस्त झाला. १७५ किलो स्टीलच्या जागी फक्त ६.२ किलो कार्बनच्या पट्ट्या लागल्या!

कुठे लावतात?
बीमला खालून, लांबीच्या दिशेने. कॉलमला मात्र आडवं गुंडाळतात, पिंपाला पट्टा आवळावा तसं. धक्का बसला तर आतलं काँक्रीट फुटून बाहेर पडत नाही. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानमध्ये हे तंत्र खूप वापरलं गेलं.

खरी गोम इथे आहे
रॅपिंग म्हणजे गंजावरचं औषध नव्हे. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. त्यावर तसंच कापड चिकटवलं तर भेगा झाकल्या जातात, गंज चालूच राहतो. आधी सैल काँक्रीट काढणं, सळई साफ करणं किंवा बदलणं, मग पॅचिंग, आणि शेवटी रॅपिंग, हाच क्रम.

कंत्राटदाराला हे विचारा
- स्ट्रक्चरल इंजिनिअरचं डिझाइन आहे का? किती थर, कुठे, का?
- पुल-ऑफ टेस्ट करणार का? कापड ज्यावर चिकटतं ते काँक्रीटच कमकुवत असेल तर सगळं उखडतं.
- कॉलमचे कोपरे गोल करणार का? धारदार कोपऱ्यावर तंतू तुटतात.
- आगीचं काय? नेहमीचं इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंशांना मऊ पडू लागतं. म्हणून रॅपिंग निकामी झालं तरी इमारत स्वतःचा भार पेलेल, हे आधी तपासावं लागतं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर नुसतं रॅपिंग पुरणार नाही. तिथे दुसरा उपाय शोधायला हवा.